उन्हाळ्यात भागते का?

सोयरीक जुळवायला गेलेला माणूस आधी मुलगी पाहतो, मग तिच्या बापाची परिस्थिती पाहतो, आणि चहा गोड मिळाला तर दोन्हींकडे जरा कानाडोळा करतो. उकंडराव आधी विहीर पाहायचे. त्यांच्या मुलासाठी, श्रावणसाठी, नेरकडच्या एका गावात मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी बरोबर होतो. सतरंजी अंथरलेली, पाय धुवायला पाणी ठेवलेलं, आणि नवऱ्या मुलाचा बापच गायब! शोधाशोध केली, तर हे विहिरीजवळ उकिडवे बसून पाणी भरायला आलेल्या एका म्हातारीची उलटतपासणी घेत होते.

"माय, तुह्या सुना माहेरी कधी जातात वं?"

"जातात आपल्या चैत-वैशाखात."

"साऱ्याच जातात?"

"हौ, साऱ्याच. कायले इचारतं बाप्पा?"

उकंडराव उठले, येऊन सतरंजीवर बसले, चहा प्यायले, मुलीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. परतताना बैलगाडीत त्यांनी निकाल दिला, "जिथच्या साऱ्याच सुना वैशाखात माहेरी जातात, तिथं पाणी नाही. तिथं आपली सोयरीक नाही."

घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, सरूबाईनं, हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अवो, ते पोरगी आपल्या घरी नांदाले येणार होती का आपण त्यायच्या विहिरीत?" सरूबाईच्या जिभेला धार होती, आणि ती नवऱ्यावरच जास्त चालायची.

पुढे दारव्ह्याकडची यशोदा त्यांनी पसंत केली, तीही अशीच. तिच्या घरी कोपऱ्यात राखेत घालून ठेवलेलं बियाणं त्यांना दिसलं. त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, "पोरी, तुमच्या घरी मीठ कुठून येते?" ती म्हणाली, "बाजारातून. पण पावसाळ्याचं आम्ही अदुगरच भरून ठेवतो." उकंडरावांनी तिथल्या तिथं टोपी सारखी केली आणि लग्न पक्कं झाल्याचं सांगून टाकलं. श्रावणला विचारायचं राहूनच गेलं. त्याचं नशीब थोर, मुलगी देखणीही होती.

उकंडराव माझे नात्यानं कोणी नव्हते. आमच्या वस्तीत शेजारचं घर त्यांचं. आईबाप गेल्यावर मी आर्णीला शाळेत मास्तर झालो, तिथं खोली घेतली, पण रविवारी सायकल मारत गावाकडे यायचो ते बरंचसं त्यांच्या ओट्यावर बसायला. उंच, वाळलेला माणूस. चालताना नेहमी सगळ्यांच्या पुढं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या पुष्कळांनी नावं बदलली. उकंडरावांनाही आम्ही चांगलं 'आनंद' असं नाव सुचवलं होतं. ते म्हणाले, "राहू दे मास्तर. उकिरड्यानं मले जगवलं. त्याचं नाव कायले सोडू?"

त्यांचा एक शब्द होता, भागणं. पुरणं, निभणं, काम चालणं, या सगळ्यांसाठी आमच्याकडे तो आहेच. पण उकंडराव त्याचा वापर इतका करायचे की पोरं त्यांना मागून 'भागते का' म्हणून हाक मारायची. कुठल्याही गावात गेले की त्यांचा पहिला प्रश्न, इथं भागते का? या गावाचे रस्ते बंद झाले, बाजार बंद झाला, कोणी काही दिलं नाही, तर इथल्या माणसाचं भागते का? लाकूड कुठलं, पाणी कुठलं, आग लागली तर पळायला दुसरी वाट आहे का, बाळंतीण अडली तर सुईण गावात आहे का? लग्नाच्या पंगतीत बसले तरी हेच. शेजारचा माणूस बिचारा बुंदीकडे पाहत असायचा आणि हे त्याला पुराचं पाणी कुठवर येतं ते विचारत असायचे.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण ते खूळ कुठून आलं ते वस्तीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला आमची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर वस्तीनं ठरवलं, यापुढे गावाचं मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि त्या बदल्यात दारोदार भाकरही मागायची नाही. हिवाळाभर काही झालं नाही. उन्हाळ्यात ढोरं मरायला लागली आणि आमचं कोणी गेलं नाही, तेव्हा गावानंही ठरवलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी काठी उचलली नाही. नुसतं सगळं बंद झालं. वावरातलं काम बंद, दुकानातलं मीठ-तेल बंद, आणि पाणी बंद. मोठ्या विहिरीवर आम्हाला चढता येत नव्हतंच. वरून कोणीतरी ओतायचं आणि आमच्या बायकांनी खाली घागर धरायची, अशी रीत. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक होतं, मी मास्तर होतो. विहिरीला ठाऊक नव्हतं.

तो उन्हाळा वस्तीनं नाल्यातल्या झिऱ्याच्या पाण्यावर काढला. वाळूत खड्डा करायचा, वाटीवाटीनं पाणी काढायचं. उकंडरावांची धाकटी मुलगी गिरजा त्या पाण्यानं हगवण लागून गेली. मोठी गोड पोर होती, माझ्या सायकलची घंटी वाजवायला धावत यायची. तिला पुरून आल्यावर कोणीतरी म्हणालं, पाणी वाईट होतं. उकंडराव म्हणाले, "ते पाण्यानं नाही मेली. आपल्याले पाणी मांगा लागते, म्हणून मेली."

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि वेचायला हात लागतात याची गावाला आठवण झाली. मग सगळं हळूहळू मिटलं. दुकान उघडलं, वरून पाणी ओतणं सुरू झालं. ढोराचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. ते काम परगावचा कोणीतरी येऊन करायचा. वस्तीला वाटलं, चला, निभावलं. उकंडरावांना तसं वाटलं नाही. ते मला म्हणाले, "मास्तर, पूर आला तरी रस्ता बंद होते, अन् माणूस रुसला तरी होते. पूर ओसरते. माणूस ओसरला असं म्या काई पाह्यलं नाही." तेव्हापासून त्यांनी जागा शोधायला सुरुवात केली. वस्तीतल्या अकरा घरांनी मिळून राहावं, कोणाकडे काही मागावं लागू नये, अशी जागा. पायलीभर ज्वारीसाठी दिवसभर वाकणारा माणूस, पण या बाबतीत त्यांची ऐट एखाद्या मामलेदाराची होती. तालुका पाहायचा तो नापास करायलाच.

लोहाऱ्याकडचं बरड पाहिलं, नापास. पाणी होतं, पण चुलीत घालायला काडी नाही. आर्णीजवळ नदीकाठी एकजण काळीभोर जमीन बटईनं द्यायला तयार होता, राहायलाही जागा देत होता. सगळी वस्ती खूश. उकंडराव गेले आणि जमिनीकडे न पाहता काठच्या बाभळींकडे पाहत उभे राहिले. माणसाच्या डोक्याच्या वर, फांद्यांमध्ये, वाळलेला गवत-कचरा अडकला होता. "हा कचरा कावळ्यानं नेऊन ठेवला नसन," ते म्हणाले, आणि नापास. त्या दिवशी वस्तीतले लोक त्यांच्यावर फार चिडले. खुद्द श्रावण बापाशी बोलेना. पुढच्या पावसाळ्यात नदी त्या जमिनीवरून गेली, बाभळी अर्ध्या बुडाल्या. त्यानंतर वस्तीत उकंडरावांच्या शब्दापुढे कोणी शब्द काढीनासं झालं. माणसाचं एकदा खरं ठरलं की त्याला कोणी काही विचारत नाही, हे त्याच्यासाठी किती वाईट असतं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

एकदा ते मला दक्षिणेकडच्या डोंगरात कोलाम आदिवासींच्या पोडावर घेऊन गेले. पोड म्हणजे त्यांची लहानशी वस्ती. "ते लोक रानात एकटे राहतात, कोणाले काई मांगत नाहीत. त्यायचं कसं भागते ते पाहू." उन्हात चालून माझा जीव मेटाकुटीला आला होता. पोडावरच्या म्हाताऱ्यानं आम्हाला सावलीत बसवलं आणि भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी दिलं. उकंडरावांनी आपले सगळे प्रश्न विचारले. म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं की मिठाला आणि कापडाला त्यांनाही बाजाराला यावंच लागतं, आणि एका वर्षी ताप आला तेव्हा पलीकडच्या तांड्यावरच्या बंजाऱ्यांनी त्यांना धान्य दिलं. मला वाटलं, उकंडराव नाराज होतील. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मास्तर, पाणी देताना त्यानं आपली जात नाही इचारली." मी उगाच सायकलच्या गोष्टी काढल्या.

अशी दोनेक वर्षं गेली. राज्याचा कारभार नागपूरहून मुंबईला जाऊनही आम्ही जागच्या जागीच होतो. मग सरकारी पडीत जमिनी भूमिहीनांना देणार असं निघालं, आणि त्यात टेंभुरझरीचं नाव आलं. जंगलाच्या कडेला माळ, खाली वाहता झरा, बाजूला लाकडाचा एक डेपो. उकंडराव हिवाळ्यात एकटेच जाऊन पाहून आले. मी रविवारी गेलो तर ओट्यावर अख्खी वस्ती जमली होती आणि मधोमध उकंडराव. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"झरा आहे, लाकूड आहे, मोहाची झाडं आहेत, टेंभरं आहेत, माती भिंतीच्या कामाची आहे. जागा उंचावर आहे, पूर येत नाही. दोन वाटा आहेत. आता राह्यला उन्हाळा. हिवाळ्यात झरा कोणाचाही वाहते. म्हणून म्या सुना पाह्याले गेलतो, तर तिथं बाईच नाही कोणी! डेपोवर एक चौकीदार, परदेशी भैया, रामदीन. तिथं त्याले धा वर्सं झाली. म्या त्याले इचारलं, भैया, उन्हाळ्यात भागते का? तो म्हणे, भागते ना. म्या म्हटलं, साऱ्यायचं? तो म्हणे, सब भागते. म्या म्हटलं, दरसाल? तर म्हणे, हौ, हर साल भागते."

एवढं सांगून उकंडराव हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसले की लहान मुलासारखे दिसायचे. सरूबाईसुद्धा त्या दिवशी काही बोलली नाही. तिनं सगळ्यांना गुळाचा चहा केला.

कापसाची वेचणी संपल्यावर अकरा घरांनी गाव सोडलं. पाटलाला भेटून कोणी गेलं नाही. गाड्यांवर खाटा, मडकी, कोंबड्या, पोरं. सगळ्यांच्या पुढं उकंडराव.

फाल्गुनात मी टेंभुरझरीला गेलो तेव्हा त्यांनी मला हात धरून सगळं दाखवलं. एका झोपडीची आग दुसरीला लागू नये म्हणून मध्ये सोडलेली जागा. प्रत्येक दारापुढं आग विझवायला मातीचा ढीग. ज्वारीसाठी खणलेलं पेव, आतून शेण-मातीनं लिंपलेलं. मिठाची मडकी, उंच बांधलेली. काही अडचण आली तर वाजवायला एक जुना डफ, आणि तो उगाच वाजवणाऱ्या पोराला काय शिक्षा तेही ठरलेलं. यशोदाला पहिली मुलगी झाली होती. तिचं नाव त्यांनी गिरजाच ठेवलं होतं. तिला खांद्यावर घेऊन ते मला म्हणाले, "आता जगात कोणीई रुसो मास्तर, आपले दोन महिने निघतात." मी आयुष्यात पुष्कळ श्रीमंत माणसं पाहिली, पण घर दाखवताना इतका सुखी माणूस पाहिला नाही.

चैत्रात झरा बारीक झाला. उकंडराव म्हणाले, होते, झरा बारीक होतेच. मग धार तुटली आणि नुसतं डबकं राहिलं. उकंडराव म्हणाले, खालून येते पाणी, इथं धा वर्सं लोकायचं भागून राह्यलं. बायका घागर भरायला जायच्या आणि डबक्यापाशी बसून राहायच्या. उकंडरावही जाऊन बसायला लागले.

एका रविवारी मी तिथं होतो. आम्ही डबक्यापाशी बसलेलो, आणि डेपोकडून चौकीदार रामदीन येताना दिसला. सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली, हँडलला वळकटी. सज्जन माणूस, चेहऱ्यावर कायम झोप.

"कहाँ चले भैया?" उकंडरावांनी विचारलं.

"घर. अब बारिस के बाद आना. पानी तो खतम है ना यहाँ." त्यानं डबक्याकडे पाहिलं, मग झोपड्यांकडे, आणि त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुम लोग कब निकलते?"

"आम्ही कायले निघू?"

"अरे, मैंने तो ठंडी में ही बताया था तुमको. गर्मी में यहाँ से सब भागते करके. डेपोवाले भागते, मजदूर भागते, जानवर तक भागते. हर साल भागते. तुम तो हँसने लगे थे. मैं सोचा, क्या आदमी है!"

आधी श्रावणला हसू आलं. मग ते माझ्याकडे आलं. खरं सांगतो, मी हसलो. आपण म्हणतो भागते म्हणजे निभते, आणि तो म्हणत होता भागते म्हणजे पळून जातात. दोघंही एकच शब्द बोलले होते, दोघंही खरं बोलले होते. आमच्या वऱ्हाडात अर्धी हिंदी, अर्धी मराठी अशी बोलायची सवय, असला घोळ दिवसातून दहादा होतो, आणि लोक हसून सोडून देतात. मग मी उकंडरावांकडे पाहिलं आणि माझं हसू तिथंच मेलं. ते रामदीनकडे पाहत नव्हते. झोपड्यांकडे पाहत होते, एकेकीकडे, शेवटच्या झोपडीपर्यंत.

त्यानंतर त्यांनी आणि श्रावणनं झऱ्याच्या वर विहीर खणायला घेतली. वरची माती निघाली आणि खाली काळा दगड लागला. पहार आपटली की ठिणगी उडायची. गाड्या लांबच्या नाल्यावरून पिंपात पाणी आणायच्या, पण बैलांना त्यातलंच पाजावं लागायचं. माणसांच्या वाट्याला थोडंच उरायचं. उकंडराव खड्ड्यातून वर येईनात. सरूबाई काठावर उभी राहून पूर्वीसारखं बोलायला जायची, "अवो, दगडातून पाणी काढाले तुम्ही काय..." आणि मध्येच थांबायची. तिला थांबताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वस्तीतलं कोणीही त्यांना एक शब्द बोललं नाही. एकदा ते स्वतःच सगळ्यांसमोर ओरडले, "मले शिव्या द्या लेकहो! काहून नाही देत?" म्हातारे, बायका, सगळे खाली पाहत राहिले. कोणी शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

महाराष्ट्र झाला तो हा उन्हाळा. आर्णीला आम्ही शाळेवर पताका लावत होतो, तेव्हा श्रावण आला आणि म्हणाला, निघालो आम्ही. बैल बसले आहेत, दोन पोरं तापानं फणफणली आहेत. सगळ्यात जवळ आपलं गावच. तिथं घरांच्या भिंती तरी उभ्या आहेत.

मी तसाच सायकल काढून गेलो आणि गावाच्या अलीकडे गाड्यांना गाठलं. गावकुसाबाहेर चिंचेखाली गाड्या सोडल्या होत्या. पुढं कोण जाणार, काय बोलणार, काही ठरत नव्हतं. मी म्हणालो, मी मास्तर आहे, मी पाटलाशी बोलतो. उकंडरावांनी मान हलवली.

"तुम्ही कोणीच येऊ नोका. मांगायचं ते माह्या एकट्याच्या तोंडानं होऊ द्या."

त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. जूनमध्ये माझी बदली पार वणीकडे झाली. ती मंडळी पुढे यवतमाळला मजुरीला लागली, काही तिथंच स्थिरावली, आणि काही वर्षांनी उकंडराव गेल्याचं मला फार उशिरा कळलं. म्हणून माझ्याजवळ त्यांचं जे शेवटचं दर्शन आहे ते त्या दुपारचं आहे.

चिंचेखालून पाटलाचा वाडा, शेजारचा गोठा आणि समोरची मोकळी जागा सरळ दिसायची. उकंडराव तिथं जाऊन उभे राहिले. पाटील बाहेर आले, ओसरीवर बसले. मोठ्यानं बोलायची त्यांना सवयच होती, सगळं ऐकू येत होतं.

"आला का उकंड्या? बरं केलं. घर तुमचंच आहे, कोणी नाही म्हणत नाही. पाण्याचंही काई अडत नाही." मग जरा थांबून, अगदी सहज, "फक्त आमच्या गोठ्यात बैल पडून आहे कालपासून. वास सुटून राह्यला. तेवढं आधी करून घ्या. मग पाणी घ्या."

उकंडराव म्हणाले, "माह्या लोकायले हात लावाले नोका सांगू. मी करतो."

"तू एकटा? कर बाप्पा, जमत असन तर."

त्यांनी दोर मागून घेतला, बैलाच्या मागच्या पायांना बांधला, दुसरं टोक खांद्यावरून घेतलं आणि वाकले. मेलेला बैल एका माणसानं ओढायची वस्तू नाही. दोर ताणला गेला, उकंडरावांचे पाय मातीत घसरले, बैल हलला नाही. त्यांनी दोर हाताला गुंडाळला आणि पुन्हा वाकले. बैल वीतभर सरकला असेल. ओसरीवर कोणीतरी हसलं. चिंचेखाली सरूबाईनं पदर तोंडात कोंबला होता. श्रावण उठला, पण पुढं गेला नाही. बापानं येऊ नका म्हटलं होतं, आणि गेला असता तर त्यालाही तो दोर धरावा लागला असता.

यशोदा उठली. तिनं मुलगी सासूच्या मांडीवर ठेवली आणि चालत गेली, पायात चपला तशाच, पाटलाच्या वाड्यासमोरून. पाटलाकडे तिनं पाहिलं नाही. तिनं उकंडरावांच्या हाताचा दोर सोडवला. तो कातडीत रुतला होता, सोडवायला तिला वेळ लागला.

"मामाजी, सोडा हे. आम्ही हे पाणी पेत नाही."

"पोरी, लेकरं आहेत. बैल बसले आहेत. मी करतो ना, तुम्हाले कोणाले काई..."

"पेतच नाही म्हटलं ना आम्ही. चला. आर्णीले जाऊ, तिथून पुढं जाऊ."

तिनं त्यांना धरून चिंचेखाली आणलं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. माणसं उठून गाड्या जुंपायला लागली. उकंडराव गाडीच्या जुवाला टेकून उभे राहिले, तळहात पुढं धरून. दोरानं सोललेले, बैलाचे केस आणि घाण लागलेले हात. ते कुठं पुसावे हे त्यांना कळत नव्हतं.

यशोदानं गाडीतून शेवटची घागर काढली. तळाशी जे होतं तेवढंच पाणी आमच्या सगळ्यांकडे उरलं होतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हात धुवा अदुगर."

"अवं, ओतू नोको माय. पोरगी पिईन ते."

"पोरगीले मी आहो. धुवा."

आणि तिनं घागर वाकडी केली. पाणी त्यांच्या हातांवरून मातीत पडत होतं. अख्खी वस्ती ते पाहत होती, पण कोणी तिला थांबवलं नाही. उकंडराव रडत होते आणि "पुरे, पुरे" म्हणत होते, आणि यशोदा ओतत होती.